घोडे किती हवेत?

अमेरिकेत जुनी मसल कार बाळगणाऱ्या माणसाला लोक गाडीचा रंग विचारत नाहीत, साल विचारत नाहीत, ॲव्हरेज तर नाहीच नाही. बॉनेट उघडलं की प्रश्न ठरलेला: हॉर्सपॉवर किती? उत्तर चारशेच्या आत आलं तर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, पाचशेच्या वर गेलं तर मालकाची छाती फुगते. मला हा प्रश्नच गैर वाटतो. या एका आकड्यासाठी इंजिनवर पैसा ओतणारे लोक बहुतेक वेळा चांगली चालणारी गाडी बिघडवून बसतात. आणि ती बिघडली आहे हे मान्यही करत नाहीत, कारण आकडा तर वाढलेला असतो.

हा विषय इथं येण्याचं कारण साधं आहे. माझा भाचा मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नला असतो. त्यानं १९६७ ची फोर्ड मस्टँग घेतली आहे. २८९ क्यूबिक इंचाचं, म्हणजे ४.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, दोन तोंडांचा कार्ब्युरेटर, तीन गिअरचं ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी चालू होते, पळते, फारशी गळत नाही. पण कंपनीच्या कागदावर तिची ताकद २०० हॉर्सपॉवर, आणि साहेबांचं म्हणणं, "मामू, चारसौ तो होनाच." घरात इंजिनाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, कारण मिरजेत अब्बांचं बोअरिंगचं वर्कशॉप होतं आणि तिथं मी पंधरा वर्षं हात काळे केले आहेत. आमच्याकडं यायच्या फियाट आणि ॲम्बॅसेडर. १०८९ सीसीच्या फियाटला चाळीसेक हॉर्सपॉवर, आणि तिच्यात सहा माणसं अन् टपावर लग्नाचं सामान घालून आम्ही आंबा घाट चढलेलो आहोत. दोनशे कमी पडतात म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायलाच मला दोन फोन लागले.

मस्टँगला मसल कार म्हणायचं नाही, ती 'पोनी कार', असं सांगणारे शुद्धतावादी तिकडं आहेत. आपल्याकडच्या शुद्धलेखनवाल्यांसारखेच ते. त्यांना सलाम करून पुढं जाऊ.

डिअरबॉर्नबद्दल मात्र दोन शब्द हवेत. हे फोर्डचं गाव. रूज नदीच्या काठावरचा फोर्डचा अवाढव्य कारखाना इथलाच, आणि १९६४ च्या मार्चमध्ये पहिल्या मस्टँग इथूनच बाहेर पडल्या. भाच्याच्या गाडीच्या चासी नंबरातलं दुसरं अक्षर 'एफ' आहे, म्हणजे ती याच गावात बनलेली. या कारखान्याच्या सावलीत, साउथएंड नावाच्या भागात, १९३० च्या दशकापासून मशीद आहे. कारखान्यात काम करणाऱ्या अरब मजुरांची वस्ती होती ती. पुढं येमेनमधून आलेले लोकही याच रूजमध्ये कामाला लागले. त्याआधी हेन्री फोर्डचा कारखाना जवळच्या हायलंड पार्कला होता, तेव्हा तिथंही १९२१ मध्ये मशीद उभी राहिली होती. ज्या गाडीला अमेरिकी मर्दानगीचं प्रतीक वगैरे म्हणतात, तिचे नटबोल्ट आवळणाऱ्यांत शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला उभे राहणारे हातही होते. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पर मामू, हॉर्सपॉवर का क्या?"

तर हॉर्सपॉवरचं.

मसल कारची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ चं इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता आधीच्या गाडीचं 'ऑप्शन' म्हणून विकायला काढलं आणि नियमाला वळसा घातला. मग सगळेच त्या वाटेनं धावले. १९७० ला शेव्हेलमध्ये ४५४ क्यूबिक इंचाचं, जवळजवळ साडेसात लिटरचं इंजिन मिळत होतं आणि कागदावर ४५० हॉर्सपॉवर लिहिलेली असायची. ही स्पर्धा फार दिवस टिकली नाही. विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे आले, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल अडवलं, आणि ते युग संपलं. आज जो माणूस जुन्या गाडीचं इंजिन 'वाढवायला' निघतो, तो त्या सहा-आठ वर्षांतल्या जाहिरातींच्या आकड्यांशी बरोबरी करत असतो.

आणि ते आकडे खरे नव्हते. त्या काळी इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर चढवून मोजत. एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, पंखा आणि डायनामो यांचा भार नाही. याला ग्रॉस हॉर्सपॉवर म्हणत. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या नेट आकडा देऊ लागल्या. म्हणजे इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळ्या लटांबरासकट. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाला १९७१ मध्ये ३३० लिहिलं होतं, १९७२ मध्ये २५५. इंजिन जवळपास तेच. मधले पंचाहत्तर घोडे पळून गेले नाहीत, ते तबेल्यात कधी नव्हतेच. गंमत म्हणजे काही ठिकाणी उलटीही लबाडी चालायची. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेटला कंपनी ३३५ सांगायची. खरी ताकद त्याहून बरीच जास्त होती हे रेसवाल्यांना पहिल्याच दिवशी कळलं. कमी आकडा सांगितला की स्पर्धेत सोपा गट मिळतो आणि विमावाल्याची भुवई वर जात नाही. माप-तोलात खोट करणाऱ्यांच्या नावानं कुरआनात एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर आणि देताना हात आखडून, हा तराजूचा खेळ डेट्रॉइटमध्ये दोन्ही बाजूंनी चालला होता.

म्हणून भाच्याला पहिली गोष्ट सांगितली: तुझे २०० हे ग्रॉस आहेत. चाकांखाली रोलर असलेल्या डायनोवर गाडी चढवलीस तर गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्ये जाणारी ताकद वजा होऊन आकडा खूप खाली दिसेल. घाबरू नकोस, इंजिन म्हातारं झालेलं नाही, आकडा मोठ्या घरचा होता. आणि उद्या कुणी दुकानदार 'आमच्या किटनं ४०० मिळतात' म्हणाला तर विचार की कुठं मोजले, इंजिनावर की चाकावर, आणि किती फेऱ्यांना.

हा फेऱ्यांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि बॉनेटभोवती जमलेल्या गर्दीत त्याबद्दल कुणी बोलत नाही. डायनो मोजतं ते टॉर्क, म्हणजे क्रँकला पीळ देण्याचं बळ. त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि, टॉर्क पाउंड-फूटमध्ये असेल तर, ५२५२ नं भागायचं. येतं ते हॉर्सपॉवर. भाच्याच्या इंजिनाचा कंपनीनं सांगितलेला सर्वांत जास्त टॉर्क २८२, तोही २४०० फेऱ्यांना. गुणाकार करून बघा: त्या ठिकाणी हॉर्सपॉवर भरते फक्त १२९. तेच इंजिन ४४०० फेऱ्यांना २०० देतं, तेव्हा टॉर्क उतरून २३९ वर आलेला असतो. म्हणजे आकडा जिथं सर्वांत मोठा, तिथं इंजिन सर्वांत जोरात ओढत नसतं. सिग्नल सुटल्यावर पाठ सीटला चिकटते ती २८२ मुळे. आणि रोजच्या रस्त्यावर गाडी राहते कुठं? दीड हजार ते तीन हजार फेऱ्यांच्या मध्ये. चारशेचा आकडा गाठायचा तर या लहान इंजिनाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांपर्यंत श्वास घ्यायला शिकवावं लागतं, आणि तो श्वास बहुधा खालच्या फेऱ्यांतून काढून वर दिला जातो. बायको-मुलांना घेऊन फिरणारा माणूस वर्षातून किती वेळा साडेसहा हजारावर जाणार?

इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढणारा पंप. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, त्या प्रमाणात हवा आत नेणं आणि जळालेली बाहेर काढणं अवघड. एअर फिल्टरपासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत जी जागा सर्वांत अरुंद, तीच हुकूम चालवते. आमच्या वर्कशॉपमध्ये अब्बा म्हणायचे की लग्नाच्या मांडवाला चार दारं केली आणि जेवणाच्या खोलीला एकच, तर गर्दी आत वाढते, जेवणारे वाढत नाहीत. नवशिका माणूस नेमकं हेच करतो. दिसणारं दार मोठं करतो, म्हणजे कार्ब्युरेटर. ७५० क्यूबिक फुटांचा कार्ब्युरेटर आणून बसवतो, कारण तो ६०० च्या शेजारीच ठेवलेला असतो आणि थोडाच महाग असतो. हिशोब अगदी शाळेतला आहे. २८९ गुणिले ६००० फेरे, भागिले ३४५६. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ५०० क्यूबिक फूट, तेही प्रत्येक सिलिंडर काठोकाठ भरतो असं धरून. खऱ्या इंजिनात तो तसा भरत नाही. म्हणजे ६०० सुद्धा सढळ आहे. ७५० लावला की खालच्या फेऱ्यांत हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा फवारा नीट उडत नाही, आणि पाय दाबला की गाडी आधी अडखळते, मग निघते. मालक म्हणतो ट्यूनिंग राहिलंय.

कॅमशाफ्टचं याहून वाईट. मोठ्या कॅमचा आवाज लोकांना वेड लावतो. गाडी उभी असताना ढुग्-ढुग् करत हलते तो आवाज. तो आवाज म्हणजे व्हॉल्व्ह इतका वेळ उघडे राहतात की कमी फेऱ्यांना इंजिनाला आपलं आपण नीट जळणंही जमत नाही. त्याच्याबरोबर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घसरतो. आता या जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवर काय काय चालतं? पॉवर ब्रेक असतील तर ते. भाच्याच्या गाडीत जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे तोही गिअर कधी बदलायचा हे ठरवताना व्हॅक्यूमकडं बघतो. म्हणजे आवाजासाठी कॅम बदलला की ब्रेकचा पाय कडक होतो, गिअर झटके देत पडतात, मग कन्व्हर्टर बदला, मग आणखी काही बदला. शिवाय जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या कॅमला सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं दोन हजारांच्या वर फेऱ्या ठेवून बसवावं लागतं आणि तेलात जस्ताचं प्रमाण चांगलं लागतं. आजच्या साध्या मोटारीच्या तेलात ते कमी असतं. हे चुकलं की नव्या कॅमची टेकाडं काही तासांत घासून सपाट होतात, आणि त्याचा लोखंडी चुरा तेलातून सगळ्या इंजिनभर फिरतो.

मग करायचं काय? माझं उत्तर कॅरोल शेल्बी या माणसानं १९६५ मध्येच देऊन ठेवलं आहे. फोर्डनं त्याला मस्टँग दिली आणि सांगितलं, हिला रेसला लायक कर. हाताशी इंजिन होतं २८९ चंच, त्यातलं वरच्या दर्जाचं, २७१ हॉर्सपॉवरचं. शेल्बीच्या लोकांनी त्याचे हेड उघडून कोरले नाहीत. वरचा इनटेक मॅनिफोल्ड बदलला, मोठा कार्ब्युरेटर लावला, एक्झॉस्टला नळ्यांचे हेडर दिले. आकडा गेला ३०६ वर. कागदावर वाढ फक्त पस्तीस. पण बाकीची यादी बघा. पुढं डिस्क ब्रेक, मागं मोठे ड्रम, पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मच्या जागा खाली आणल्या, मागच्या ॲक्सलला पिळण्यापासून रोखणारे दांडे, ३.८९ चा मागचा गिअर, दोन्ही चाकांना एकत्र ओढणारं लॉकिंग डिफरन्शियल, मागचं सीट काढून वजन कमी. ही जीटी ३५० त्याच वर्षी आपल्या गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ज्या माणसाचं पोटच वेगावर होतं, त्यानं इंजिनाच्या बाहेर इंजिनापेक्षा जास्त काम केलं. आज त्याचं नाव लिहिलेली व्हॉल्व्ह कव्हरं विकत घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. (त्या कार्ब्युरेटरचं माप ७१५ होतं, हे मला माहीत आहे. ते इंजिन साडेसहा-सात हजारांवर फिरवायला बांधलं होतं आणि रेसच्या मैदानावर सिग्नल नसतात.)

भाच्याला म्हणून मी आधी इंजिन उघडूच दिलं नाही. आधी कॉम्प्रेशन मोज, आठही सिलिंडरचं. एखादा जरी बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर वरचा सगळा खर्च म्हणजे भेगा पडलेल्या भिंतीला रंग. ते ठीक निघालं, माशाअल्लाह. मग पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नव्या वायरी, प्लग, टायमिंग, व्हॅक्यूमच्या फुटक्या नळ्या. साठीत निघालेल्या गाडीत निजलेले घोडे बहुतेक इथंच सापडतात. त्यानंतर ब्रेक. या कामाला आकडा नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून लोक हे शेवटी ठेवतात. साठ मैलांच्या वेगानं जाणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या पावणेदोनपट ऐंशी मैलांना लागते. ड्रम तापले की धरत नाहीत, हे घाट उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय त्या काळच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचं वरचं झाकण हीच डिकीची जमीन आहे. टाकी आणि मागचं सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पातळ पडद्याशिवाय फार काही नसतं. मागच्या सीटवर माझ्या बहिणीची दोन नातवंडं बसणार आहेत. मिशिगनमध्ये गाडीची ठराविक मुदतीनं होणारी सरकारी तपासणी नाही, आपल्याकडच्या पासिंगसारखं काही नाही. सरकार विचारत नाही तेव्हा प्रश्न संपत नाही, तो मालकाकडं येतो. पुढं डिस्क, टाकीवर पोलादी पत्रा, तीन पट्ट्यांचे बेल्ट. हे झाल्याशिवाय एकही घोडा विकत घ्यायचा नाही, ही माझी अट होती आणि बहिणीनं ती उचलून धरली.

मग येतो मागचा गिअर, आणि इथं मी हट्टाला पेटतो. भाच्याच्या गाडीत मागं २.८० चा गिअर आहे, म्हणजे पेट्रोल वाचवायचा. तो काढून ३.५५ चा घातला तर इंजिनाचा एक स्क्रू न हलवता प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर २७ टक्के वाढतो. पुन्हा वाचा. सत्तावीस टक्के. इंजिनातून एवढा जोर काढायचा तर हेड, कॅम, मॅनिफोल्ड सगळं बदलावं लागेल. याची किंमत द्यावी लागते ती हायवेवर, तिथं साठ मैलांना फेऱ्या बावीसशेवरून अठ्ठावीसशेवर जातात. त्यावर इलाज म्हणजे पुढं-मागं ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स; १९८० च्या दशकातल्या मस्टँगचा पाच गिअरचा टी-५ या गाड्यांत बसवण्याचं सगळं सामान मिळतं, आणि मग त्याच वेगाला फेऱ्या एकोणीसशेच्या आसपास. पळायला जोर, फिरायला शांतता. ज्या दिवशी हे झालं असेल त्या दिवशी भाच्याला निम्म्या तक्रारी आठवणारही नाहीत, असं माझं मत आहे. त्याचं मत अजून तसं नाही.

यानंतरही हात शिवशिवत असतील तर इंजिन उघडावं, पण जोडीनं. चार तोंडांचा ६०० च्या आतला कार्ब्युरेटर, त्याला शोभणारा दुमजली मॅनिफोल्ड, आणि मोकळा एक्झॉस्ट. पुढच्या फेरीत ॲल्युमिनियमचे हेड आणि सौम्य रोलर कॅम, दोन्ही एकदम, कारण एकाच्या मापावर दुसऱ्याचं माप ठरतं. मूळ हेडचे इनटेक व्हॉल्व्ह १.७८ इंचाचे, बारीक. या इंजिनाची खरी अरुंद गल्ली तीच. नव्या हेडमध्ये ते १.९४ चे मिळतात, शिशाविना पेट्रोलला टिकणाऱ्या कडक सीट आयत्या येतात, नाकावरचं वीसेक किलो वजन उतरतं. या सगळ्यानंतर इंजिन तीनशेच्या आसपास जातं, आणि हे तीनशे नेटच्या जवळचे असतात, जाहिरातीचे नव्हे. तेराशे किलोच्या गाडीला तीनशे खरे घोडे. आंबा घाटाच्या हिशोबानं तर ही चैनच आहे.

"फिर चारसौ?" चारशेला दोन रस्ते. एक, सुपरचार्जर. जुन्या ब्लॉकवर दाब वाढवत नेला की पाचशेच्या आसपास हे ब्लॉक मधोमध चिरतात, हे तिकडच्या इंजिन बांधणाऱ्यांचं ठाम म्हणणं. चारशेला ते तगतात, पण पिस्टन, रेडिएटर, मागचा लहान ॲक्सल, सगळं काठावर येतं. दोन, आजचं इंजिन. २०११ पासूनचं फोर्डचं कोयोट कारखान्यातूनच चारशेहून अधिक देतं, थंडीत पहिल्या झटक्यात चालू होतं, जास्त ॲव्हरेज देतं. उत्तम इंजिन. पण ते इतकं रुंद आहे की १९६७ च्या गाडीत बसवायला पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे पोलादी बुरूज कापावे लागतात, म्हणजे पुढचं सगळं सस्पेन्शन नवं. ज्याचा सांगाडा गंजून गेला आहे आणि नाहीतरी कापायचाच आहे, त्यानं खुशाल करावं. ज्याची गाडी धडधाकट आहे त्यानं ती कापू नये, असं मला वाटतं. ज्या गावात ती बनली त्याच गावात ती अख्खी फिरते आहे, याला काही किंमत असावी.

आता पैशाचं. हा मुलगा डिअरबॉर्नला भाड्याच्या घरात राहतो, कारण बँकेचं व्याजाचं कर्ज नको. मला त्याचा अभिमान आहे. पण सुपरचार्जरच्या किटसाठी दुकानदारानं 'बारा महिन्यांचे हप्ते' म्हटल्यावर हाच मुलगा क्रेडिट कार्डाचा विचार करू लागला. मी विचारलं, छपरासाठी जो सूद हराम, तो घोड्यांसाठी हलाल कधी झाला? तो म्हणाला, वेळेत फेडलं तर व्याज लागत नाही. खरं आहे. पण इंजिनाच्या कामात 'वेळेत' काही होत नाही, हे मी पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना तोंड देऊन शिकलो आहे. हेड आलं की गॅस्केट नसतं, गॅस्केट आलं की मशीनवाला सुट्टीवर. काम लांबतं आणि बिल मात्र तारखेला येतं. यातली मसलतीची बाब एवढीच की वर्षाला एक काम, रोखीनं. हिवाळ्यात डिअरबॉर्नच्या रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा ही गाडी नाहीतरी चार-पाच महिने शेडमध्येच असते.

मित्र म्हणतील, शौकाला कसला हिशोब? शौक म्हटल्यावर थोडा इसराफ आलाच. मला शौकाचं वावडं नाही. अत्तराची बाटली घेणारा माणूस मी, मला काय तोंड आहे? पण शौक कशाचा हे एकदा ठरवावं. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, १९९५ पासून. भाच्याचं स्वप्न तिथं गाडी न्यायचं. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. आज त्या दिवशी तिथं इतक्या गाड्या असतात की त्या मुंगीच्या चालीनं सरकतात. भर उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, तासन्‌तास. तिथं कुणाच्या गाड्या बाजूला घेऊन बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या राहत असतील, हे सांगायला डायनो नको. बारीक कॅमची, चांगल्या रेडिएटरची, थंड डोक्याची गाडी तिथं संध्याकाळपर्यंत पुढं सरकत राहते.

एक शेवटचं, हे त्याला फोनवर सांगायचं राहिलं म्हणून इथं लिहितो. चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. तुझ्या गाडीचं 'सी' आहे, म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं साधं २८९. दुर्मीळ, महाग गाड्यांचं अक्षर 'के'. बाजारात 'सी'च्या गाडीवर 'के'चे बिल्ले लावून विकणारे आहेत, आणि उद्या तुझ्या इंजिनाची ताकद त्याहून जास्त झाली की तुलाही कुणीतरी तसा सल्ला देईल. बिल्ला लावू नकोस. जे जे बदलशील त्याची तारीख आणि पावती एका वहीत ठेव, गाडी विकशील तेव्हा ती वही गाडीबरोबर दे. मूळ कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड धुऊन, तेलाच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेव, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर तुझी अम्मी भंगारवाल्याला देईल.